अंगठे पुसायची भिंत

आमच्या तालुक्यातल्या बँकेत काउंटरखालची भिंत कायम निळी असायची. अंगठा लावून घेतल्यावर तो पुसायला बँक साधं फडकं देत नसे, मग लोक भिंतीलाच पुसत. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. नाण्यांवरून, नोटांवरून इंग्रजांचा राजा जाऊन सिंह आले होते. बँक आता आपली आहे, असं मॅनेजर दर झेंडावंदनाला सांगत. आपली म्हणजे नक्की कुणाची, ते त्या भिंतीकडे बघून कळायचं.

एकदा रांगेत माझ्या पुढे भाजी विकणारी कोंडाबाई होती. प्रौढांच्या वर्गात जाऊन ती नुकतीच सही शिकली होती. पैसे काढायच्या फॉर्मवर तिने सावकाश, जीभ दातांत धरून आपलं नाव लिहिलं. कारकुनाने ते खोडलं.

“अंगठा लावा.”

“मला सही येते आता, साहेब.”

“येत असेल. खातं उघडलं तेव्हाच्या आमच्या कार्डावर अंगठा आहे.”

त्याने तिचा अंगठा धरून रबरी शिक्क्यासारखा शाईवर दाबला, फॉर्मवर उठवला आणि रुमालाने आपली बोटं पुसली. चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचं समाधान. त्या समाधानाची मला आजही किळस येते. नाण्यावरून अख्खा राजा उतरवताना कुणी जुनं कार्ड काढून बघितलं नव्हतं. एका बाईला अंगठ्यावरून सहीवर यायचं होतं, तेव्हा मात्र यांना नियम आठवला.

कोंडाबाईने अंगठा भिंतीला पुसला नाही. हातात पडलेली कोरी नोट तिने त्याच अंगठ्याने दाबून धरली. सिंहांची तोंडं निळी झाली.