वाटेवरची

घरी बसून भाषांतरं करते म्हटलं, की लोकांना वाटतं मी कादंबऱ्यांची भाषांतरं करत असेन. मी करते ती वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकांची, बँकेच्या अर्जांची, आणि मोबाइलच्या अॅपमध्ये दिसणाऱ्या एकेका ओळीची. 'पासवर्ड चुकला', 'थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा' अशा कितीतरी ओळी मी मराठीत आणल्यात. नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी माझं टेबल आहे. नवरा सकाळी साडेसातला तुर्भ्याला कामावर जातो, मुलगी शिकायला बंगळूरला असते. दिवसभर मी आणि माझ्या ओळी.

दोनेक वर्षांपूर्वी महाप्याच्या एका छोट्या कंपनीचं काम माझ्याकडे आलं. तिथल्या मुख्य इंजिनिअर बाई माझ्याहून बऱ्याच लहान होत्या, मला 'ताई' म्हणायच्या. त्यांनी समोर बसवून सांगितलं, "ताई, आमच्या वस्तू एकमेकींशी नाती जोडतात."

मला हसू आलं. त्या मात्र हसल्या नाहीत.

"म्हणजे बघा, आतापर्यंत वस्तू मालकाचं ऐकायच्या. या एकमेकींचंही ऐकतात. एका कारखान्यात बनलेल्या वस्तूंचं एक नातं. एका घरातल्यांचं दुसरं. शेजारपाजारच्या घरांतल्यांचं तिसरं. आणि ज्यांचे मालक वरचेवर भेटतात, त्यांच्या वस्तूंची आपोआप ओळख होते. ओळख झाली की त्या एकमेकींना विचारतात, पुढे रस्ता बंद आहे का, पाणी साचलंय का. कुणाच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा, तेही हळूहळू ठरवतात. या सगळ्या नात्यांना मला मराठी शब्द हवेत. शाळेच्या पुस्तकातले नकोत, घरातले हवेत."

शब्द सुचावेत म्हणून त्यांनी मला एक किटली, एक दिवा आणि हातात घालायचं एक घड्याळ वापरायला दिलं.

किटलीची आणि दिव्याची पहिल्याच दिवशी गट्टी झाली. मी चहाला उठले की दिवा लागायचा. घड्याळ आठ-दहा दिवस गप्प होतं. मग एका सकाळी त्यावर इंग्रजीत लिहून आलं, की तुमच्या घड्याळाची एक नवी ओळख झाली आहे.

मी चक्रावले. माझी अशी वरचेवर कुणाशी गाठ पडतच नव्हती. लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले त्याला बावीस वर्षं झाली. सोसायटीत हाय-हॅलो सगळ्यांशी, पण दारावर टकटक न करता जावं असं घर एकही नाही. बाहेर पडायची ती फक्त सकाळी सव्वासहाला, तलावाभोवती फेऱ्या मारायला. म्हणजे जे काही झालं होतं ते तिथेच.

दोन दिवस मी चालताना लोकांची मनगटं बघत होते. एका गृहस्थांनी तर हात पाठीमागे घेतला. तिसऱ्या दिवशी मला ती दिसली. साठीच्या पुढची, चापूनचोपून नेसलेली सुती साडी, खाली पांढरे स्पोर्ट शूज, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि बांगड्यांच्या वर, जवळजवळ दंडाला, माझ्यासारखंच निळ्या पट्ट्याचं घड्याळ. मी तिला रोज बघत होते. ती उलट्या बाजूने फेऱ्या मारायची, त्यामुळे आम्ही एकमेकींच्या समोरून दर फेरीत दोनदा जायचो. एकदाही बोललो नव्हतो.

मी तिला थांबवलं. "मावशी, हे घड्याळ कुठलं?"

"सुनेचं हाय. तिच्या हापिसातनं मिलालं. तिला पुरल उठतं, म्हनून मना दिलं. का गो?"

"तुमच्या आणि माझ्या घड्याळाची ओळख झालीय."

तिने आधी आपल्या दंडाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. "कवा?"

"तीन दिवस झाले."

"आनि आपली?"

"आपली आत्ता."

ती खळखळून हसली. "चल मंग. उभी नको राहू, माजे पाय धरतात." आणि त्या दिवसापासून तिने फेऱ्यांची दिशा बदलली.

आठ-नऊ महिने आम्ही सोबत चाललो. ती मूळची इथलीच. खाडीकाठच्या गावातली, ज्या गावाला आता चारही बाजूंनी टॉवर आहेत. घराचे तीन मजले, दोन भाड्याने दिलेले. ती मला 'बाय' म्हणायची. मी नाव सांगितलं होतं, पण ते तिने एकदाही घेतलं नाही. माझ्या आधी ती पोचली असेल आणि पलीकडची वाट खणून ठेवलेली असेल, तर तिचं घड्याळ माझ्या घड्याळाला कळवायचं आणि मी घरूनच दुसऱ्या फाटकाकडे वळायचे. ती म्हणायची, "बघ, आपल्या आदी यांचंच बोलून झालं."

मी तिला माझं काम सांगितलं. तिला ते फार आवडलं. एका घरातल्या वस्तूंसाठी मी 'सहनिवासी' असा शब्द काढला होता. तो ऐकून तिने तोंड वाकडं केलं. "एका चुलीचे म्हन ना." मी तेच लिहिलं. इंजिनिअर बाई म्हणाल्या, किटलीला चूल कशी चालेल, पण दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, राहू दे. एका कारखान्यातल्यांसाठी मी 'भावकी' सुचवून पाहिलं, तर मावशी म्हणाली, "भावकी म्हंजे भांडनच. ती यंत्रं रोज कोर्टात जातील." मग 'भावंडं' ठरलं, आणि शेजारपाजारच्यांसाठी सरळ 'शेजारी'. राहिलं ते शेवटचं नातं, रोजच्या भेटीतून झालेलं. 'परिचित' म्हटलं तर फारच कोरडं होत होतं.

तिने चालता चालता विचारलं, "त्यांचे मालक भेटतात, पन घरी जात नाय एकमेकांच्या?"

"नाही. नुसते वाटेत भेटतात."

"मंग वाटेवरची," ती म्हणाली. मी घरी आल्या आल्या तेच लिहिलं.

तो शब्द तिला कुठून सुचला, ते तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती तेरा-चौदा वर्षांची असताना मिठागरावर कामाला जायची. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून होडीपर्यंत. पलीकडच्या गावाचं मिठागर बांधाच्या दुसऱ्या अंगाला होतं. तिथली एक मुलगी त्याच वेळी पाटी घेऊन यायची. बांध अरुंद. एकीने थांबायचं, दुसरीने जायचं. पहिल्यांदा भांडल्या. मग थांबू लागल्या. पाट्या उतरवून एकीच्या मडक्यातलं पाणी दोघी प्यायच्या. मिठाने पाय फुटलेले असायचे, त्यांना ती मुलगी घरून आणलेलं खोबरेल लावायची, आधी हिच्या पायांना, मग स्वतःच्या. असे तीन हंगाम. मग त्या मुलीचं लग्न ठरलं, दिघ्याला, विहिरीजवळच्या घरात, एवढं तिने सांगितलं. पुढच्या हंगामात बांधावर कुणी नव्हतं.

"नाव काय होतं तिचं?" मी विचारलं.

"नाव कोन घेतं? काय गो, कुठं गो, येतंस का गो. सगलं 'गो'वरच झालं." तिने माझ्या घड्याळाकडे बोट केलं. "बाय, तुजं हे यंत्र तिला सोदून देल काय?"

मी खरं सांगितलं. जी ओळख यंत्रांसमोर झाली नाही, ती त्यांना माहीत नसते.

"मंग आपन जाऊ," ती म्हणाली.

एका बुधवारी आम्ही दोघी बसने दिघ्याला गेलो. तिने हळदी रंगाची नवी साडी नेसली होती आणि पिशवीत सुकटीची पुडी घेतली होती. "तिला लई आवडायची." स्टॉपवर उतरल्यावर तिला काहीच ओळखू येईना. पत्र्याची घरं, त्यावर घरं, मध्ये एक माणूस जाईल एवढ्या गल्ल्या. विचारत विचारत आम्ही जुन्या गावठाणात पोचलो. एका ओट्यावर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती.

"विहिरीजवलचं घर?" ती म्हणाली. "विहीर बुजवली, त्याला लई वरसं झाली. तिथं आता बिल्डिंग हाय. तिथले लोक गेले कल्यानकडं. तुला कोन पायजे?"

"मिठागरावरली एक होती. हातावर इंचू गोंदलेला."

म्हातारीने लसणाचा हात पदराला पुसला आणि बाही वर सारली. मनगटाच्या वर विंचू होता, निळा, पसरलेला. "इंचू माज्यापन हातावर हाय."

मावशीने तो हात दोन्ही हातांत धरला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती त्या म्हातारीच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होती, भुवया, हनुवटी, दात. "तू मिठागरावर होतीस?"

"नाय गो. मी डोंगराकडची. माज्या बापाचं भातशेत होतं."

तरी मावशीने तिचा हात लगेच सोडला नाही. मग खाली बसून तिने लसणाच्या चार-सहा पाकळ्या सोलल्या, गप्पा मारल्या, आणि उठताना सुकटीची पुडी तिच्या सुपात ठेवली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. ऐरोली गेल्यावर म्हणाली, "मी तरी तिला आठवत असन का?" मी तिच्या बांगड्यांवर हात ठेवला.

त्यानंतर दोनेक महिन्यांत मावशीचं घर पाडून इमारत बांधायचं ठरलं आणि मुलाने उलव्याला फ्लॅट घेतला. तिने हे मला तिसऱ्या फेरीत सांगितलं, जणू रोजची बातमी. शेवटच्या दिवशी आम्ही एक फेरी जास्त मारली. फाटकाशी तिने माझ्या हनुवटीला बोटं लावून ती आपल्या ओठांना लावली. "फोन कर," म्हणाली.

मी फोन करायचे. पण फोनवर तिला बोलताच येत नव्हतं. ती ओरडायची, "बरी हाय ना? जेवलीस? ठेव आता." मिनिटभरात संपायचं. तिला माणूस शेजारी चालत असल्याशिवाय बोलणं सुचत नसे. माझंही तेच झालंय हे मला तेव्हा कळलं. सकाळी मी फेऱ्या मारायचे, आणि दिवसभरात तिला सांगायच्या गोष्टी मनात साठत जायच्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं लोणचं नासलं, मुलीने केस कापले, एका अर्जातल्या एका शब्दावर मी दोन तास अडले. त्या कुणालाच सांगाव्याशा वाटायच्या नाहीत.

एका सकाळी बूट घालत असताना घड्याळ थरथरलं. तोवर अॅप मराठीत आलं होतं. पडद्यावर ओळ होती, 'ही ओळख काढून टाकली आहे.' ती माझीच ओळ होती. मी ती सहा महिन्यांपूर्वी, दुपारच्या वेळी, बहुधा चहाचा घोट घेत लिहिली असेल. मी बूट काढून तिथेच बसले.

इंजिनिअर बाईंना मी फोन केला. "माणसं भेटली नाहीत म्हणून ओळख का काढायची?"

"ताई, एका वस्तूने किती ओळखी ठेवायच्या याला मर्यादा असते. ठरावीक दिवसांत भेट झाली नाही तर ती जागा रिकामी करतात. तुमची ओळख मी परत जोडून देऊ का?"

"नको. तिचं घड्याळ आता कुठे असेल कुणास ठाऊक." मग मी म्हटलं, "पण ती ओळ मला बदलायची आहे. चूक माझी आहे. मराठीत असं कुणी कुणाला सांगत नाही."

"अक्षरं पडद्यावर बसली पाहिजेत हं," त्या म्हणाल्या.

त्या एका ओळीवर मी दिवस घालवला. शेवटी लिहिलं, 'बऱ्याच दिवसांत भेट नाही.' ती बसली. पुढच्या आवृत्तीत तीच आली.

त्याच रविवारी मी उरणच्या गाडीने बामणडोंगरीला उतरले आणि रिक्षाने तिच्या घरी गेले. नववा मजला, नवा सोफा, भिंतभर टीव्ही. सुनेने चहा, पापड, मिठाई सगळं मांडलं. घड्याळ त्यांनी कंपनीला परत केलं होतं. मावशी माझ्यासमोर बसली, हात मांडीवर ठेवून, आणि आम्ही एकमेकींना तब्येत विचारली, पाणी चोवीस तास येतं का विचारलं, आणि मग दोघी टीव्हीकडे बघू लागलो. मला आत कुठेतरी भीती वाटायला लागली, की हे एवढंच होतं.

इतक्यात ती उठली. "चल खाली. हितं मना गुदमरतं."

खाली गाड्या लावायची जागा होती, अर्धी रिकामी. तिथे आम्ही खांबांभोवती चालायला लागलो. ती डाव्या बाजूला, नेहमीसारखी. दुसऱ्या फेरीला ती बोलायला लागली. गुडघा दुखतो, पण मुलाला सांगितलेलं नाही. लिफ्टमध्ये एकटी असली की डोळे मिटून घेते. इथून विमानतळाच्या भिंती दिसतात, खाडी दिसत नाही, पण भरतीची वेळ अजून अंगाला कळते. मी लोणच्याचं सांगितलं, केसांचं सांगितलं. वॉचमन दोनदा विचारून गेला काही हवंय का. आम्ही किती वेळ चाललो कुणास ठाऊक, सून खाली शोधत आली तेव्हा थांबलो.

त्यानंतर मी दोनदाच जाऊ शकले. मध्ये महिने जातात. कंपनीचं काम संपल्यावर मीही घड्याळ, किटली, दिवा सगळं परत केलं. सकाळी तलावावर जाते ती आता उजव्या कडेने, डावीकडे तिची जागा सोडून, आणि वाट पुलाखालून जाते त्या वळणावर पाय आपोआप हळू होतात. तिथे फरशीवर शेवाळ असतं. "सांबाल," असं ती तिथे रोज म्हणायची, कोरड्या दिवसांतसुद्धा. मी थांबते, ऐकून घेतल्यासारखी, आणि मग पुढे जाते.