हॅल्बर्डचा फोर्क

क्लेमंट ॲस्क्यू फार गोड माणूस होता असं मी म्हणणार नाही. मेला म्हणून काय झालं? कंजूष होता, हेकट होता आणि दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या कॉव्हेंट्रीत कुणी नव्हता. पण धातूबद्दल तो कधी खोटं बोलला नाही.

मी ऑलिव्ह बॅचले. तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात सीटचं कातडं शिवलं. निवृत्त झाले तेव्हा क्लेमंटनं मला गाठलं ते त्या कातड्यापायीच. परसातल्या शेडमध्ये तो १९१२ सालची हॅल्बर्ड मोटरसायकल पुन्हा उभी करत होता. कोंबड्यांच्या खुराड्यातून तिला बाहेर काढली तेव्हा ती मोटरसायकल आहे हे सांगावं लागत होतं. सात वर्षं खपला तिच्यावर. बाजारचा स्क्रू चालायचा नाही, आटे जुन्या मापाचे हवेत म्हणून एकेक स्क्रू स्वतः कातायचा. बायकोनं एकदा विचारलं, "ती हवी की मी?" तर हा म्हणाला, "जरा थांब, एवढा मॅग्नेटो बसवतो." ती थांबली नाही.

हॅल्बर्ड आमच्याच फोल्सहिल भागातला कारखाना. दोघं भाऊ आधी शिवणयंत्रं करायचे, मग सायकली, मग सायकलीला इंजिन. गिअर नाही, चामड्याचा पट्टा, धावत ढकलायची आणि सुरू झाली की उडी मारायची. दहा वर्षांत नऊशेसुद्धा झाल्या नसतील, आणि मग सगळं आटोपलं. १९१३ साली टेकडी चढायच्या शर्यतीत एका हॅल्बर्डचा पुढचं चाक धरणारा फोर्क मोडला आणि स्वार जागीच गेला. चौकशी बसली. फोरमननं सांगितलं, जोड कच्चा होता, नळ्या जोडायला वितळवलेलं पितळ आत उतरलंच नव्हतं. तो जोड दिला होता जोसाया बॅचले यांनी. म्हणजे माझ्या आजोबांनी. आणि फोरमन होता एमोस ॲस्क्यू, क्लेमंटचा आजोबा.

त्यानंतर आजोबांच्या हातात शहरात कुणी जोडकाम दिलं नाही. गॅसच्या कारखान्यात राख उपसता उपसता संपले. माझे बाबा, ईनॉक, तेव्हा पाच वर्षांचे. शाळेत पोरं त्यांना 'खुन्याचा' म्हणून धोपटायची. आमच्या घरात कधी मोटरसायकल आली नाही आणि आजोबांचं नावही निघालं नाही.

आणि हा क्लेमंट जुन्या मोटरसायकलींच्या क्लबसाठी हॅल्बर्डचा इतिहास लिहीत होता! छोटंसं पुस्तक, पण सतराव्या पानावर आमच्या आजोबांचं नाव, दोषासकट.

"ते वाक्य काढ," मी म्हणायची.

"पुरावा आण. इतिहास आहे तो, तुझी भाजीची पिशवी नाही, नासकं दिसलं की काढायला."

"नासकं कोण ते एकदा कळू दे, मग बघते तुझ्याकडे!"

अशी आमची दर गुरुवारी जुंपायची. मग चहा व्हायचा. भांडायला सुद्धा माणूस लागतं, आणि माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं. पण जिवाला एकच घोर होता. बाबा ब्याण्णव वर्षांचे झाले होते. त्यांनी डोळे मिटायच्या आत, तुमच्या बापानं माणूस मारला नाही, असं कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं.

मार्चमधल्या एका गुरुवारी मी शिवून झालेली सीट घेऊन शेडमध्ये गेले. मला बघताच क्लेमंटनं बाकावर घाईनं फडकं टाकलं.

"काय लपवतोस?"

"काही नाही. चहा ठेव तू."

हा माणूस एरवी मला किटलीला हात लावू देत नसे. मी फडकं उचललं. खाली जुना फोर्क होता, जोडाच्या मधोमध करवतीनं उभा चिरलेला. नळी गंजली म्हणून नवीन करायची होती, त्यासाठी माप घ्यायला त्यानं तो कापला होता. कापलेल्या तोंडावर पिवळी रेघ वरपासून खालपर्यंत, कुठंही न तुटलेली. मला जोडकामातलं ओ की ठो कळत नाही, पण तेवढं कळलं.

"हे आजोबांचं?"

"मोडलेला फोर्क झाला त्याच महिन्यातलं. तेव्हा फोर्कचे जोड एकटा जोसायाच द्यायचा." खुर्चीत बसला धप्पकन. "पितळ आरपार उतरलंय, ऑलिव्ह. मला साठ वर्षांत असा जोड जमला नाही."

"मग शर्यतीतला तो मोडला कशानं?"

त्यानं माझं बोट धरून जोडाच्या खालच्या काठावर टेकवलं. तिथं नळीला खाच लागली. जोड दिला की बाहेर आलेलं जास्तीचं पितळ कानशीनं घासून साफ करायचं. ते काम दुसऱ्यांचं. प्रदर्शनात माल नाजूक दिसावा म्हणून इतकं घासलं होतं की पितळेबरोबर नळीही खाल्ली होती, पार पापुद्रा झाला होता. मोडलेलाही असाच घासलेला असणार. आणि ते तपासून पास करायचं काम फोरमनचं. खाचेच्या वरच ठसा होता, दोन अक्षरं, ए. ए. एमोस ॲस्क्यू.

"केव्हा कापलास?"

तो फडक्याची घडी घालायला लागला.

"क्लेमंट, केव्हा?"

"नाताळाच्या आधी."

"आणि पुस्तक?"

"जानेवारीत छापलं." मान खाली घालून म्हणाला, "आजोबा आहे गं तो माझा. त्याच्या मांडीवर बसून मी कानस धरायला शिकलो."

"मग माझा काय भटक्या कुत्र्यानं आणून टाकलेला होता?" माझा आवाज चढला आणि मला रडूच आलं. सीट काखेत मारली. "ही मी परत नेते. बस उघड्या स्प्रिंगांवर!"

सहा आठवडे मी त्याच्याकडे फिरकले नाही. फोन मात्र रोज करायची, पुस्तक सुधार आणि बाबांना सांग. मग एके दिवशी तो दारात उभा, हातात पुस्तक. सतराव्या पानावर त्यानं हातानं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. दोष फोरमनचा, कारागिराचा नव्हे. दोनशे प्रतींमध्ये दोनशे चिठ्ठ्या, एकूण एक स्वतःच्या अक्षरात. बोटांना डिंक तसाच होता.

"आता बाबांकडे चल," मी म्हटलं.

"नको गं. म्हातारा शांत बसलाय, कशाला उकरून काढतेस?"

"तुमचं मिटलं असेल. आमचं नाव ॲस्क्यूच्या तोंडानं गेलं, ते ॲस्क्यूच्याच तोंडानं परत यायला हवं."

वृद्धाश्रमात बाबा खिडकीशी चहात बिस्किट बुडवत होते. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. क्लेमंटनं टॉवेलातून फोर्क काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांचा अंगठा त्या पिवळ्या रेघेवरून फिरवला. "मिस्टर बॅचले, तुमच्या वडिलांचा जोड पक्का होता. चूक माझ्या आजोबांची. त्यांनी ती लपवली."

मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता सैल होईल, आता हसतील.

"बावीस वर्षांचा होतो," बाबा म्हणाले. "घर सोडताना त्यांना म्हटलं, तुम्ही माणूस मारलात. ते म्हणाले, नाही रे ईनॉक. मी दार आपटलं." अंगठा थांबला. "पुढं चार वर्षं जगले. दोन गल्ल्या पलीकडे. मी गेलो नाही. मातीलासुद्धा गेलो नाही."

हे मला माहीत नव्हतं. आम्हाला सांगितलं होतं की बाबा तेव्हा परगावी कामाला होते.

"दोषी होते म्हणून मी गेलो नाही," बाबा म्हणाले. त्यांचा कप कलंडला, चहा पांघरुणावर सांडला. "सत्तर वर्षं एवढ्यावर काढली. आता मी काय करू? कुणी सांगितलं तुला हे इथं आणायला?"

क्लेमंटनं माझ्याकडे पाहिलं. मी वाकून पांघरुणावरचा चहा टिपायला लागले.

"मीच आणलं, मिस्टर बॅचले," तो म्हणाला. "ऑलिव्ह नको नको म्हणत होती."

"चालता हो," बाबा म्हणाले. तो फोर्क टॉवेलात गुंडाळून निघून गेला. बाबांनी चाचपडत माझा हात शोधला. "तू तरी आहेस गं पोरी." मी तो हात धरून ठेवला. बाबा आणखी अकरा महिने जगले, ॲस्क्यूला शिव्या देत. त्यांना खरं काय ते मी सांगितलं नाही.