पहिला घास पक्ष्यांचा

ज्या माणसाने मला पक्ष्यांची ओढ लावली, त्यालाच ‘पक्ष्यांना खायला घालू नका’ हे कसं सांगायचं? खरं सांगते, मला अजूनही माहीत नाही.

गेल्या शनिवारी बाबांना घेऊन स्कॉटलंडच्या डोंगरावर गेले होते. माझ्या ग्रॅज्युएशनसाठी ते नागपूरहून लीड्सला आलेत... आमच्या घरातली पहिलीच पदवी. गाडी चालवायला मैत्रीण स्नेहा होती, लीड्समध्येच जन्मलेली.

वर पठारावर एकही झाड नाही. नुसते दगड, शेवाळ, सावलीत उरलेला बर्फ... मी ज्याचा अभ्यास केला तो टुंड्रा, छोट्या रूपात. इथले टार्मिगन पक्षी बर्फात दिसू नयेत म्हणून हिवाळ्यात पांढरेशुभ्र होतात. आता बर्फच कमी पडतो, आणि पांढरा पक्षी दगडांवर लांबून उठून दिसतो.

जेवायला बसलो. सवयीने बाबांनी पोळीचा पहिला तुकडा मोडला, कुस्करला आणि दगडावर ठेवला.

मी एकदम नागपूरच्या गच्चीवर पोचले... मे महिन्याचं ऊन, पाण्याचं मातीचं परळ, शिळ्या भाताभोवती भांडणाऱ्या चिमण्या, आणि “हलू नको, उडतील” असं कुजबुजणारे बाबा. माझा सगळा अभ्यास तिथूनच सुरू झाला.

पण इथे अन्न सांडलं की त्याच्या वासावर खालून कावळे येतात, आणि मग जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी-पिल्लं खातात.

“बाबा, ते उचलावं लागेल.”

“काहून? उपाशी राहतील न बिचारे.”

“काका, इथले पक्षी डाएटवर आहे,” स्नेहा तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. बाबा हसले नाहीत.

मी कावळ्यांचं सांगितलं. त्यांनी डबा बाजूला ठेवला... त्यांचा चेहरा पाहून वाटलं, राहू दे, एक तुकडाच तर आहे. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला आज तरी दुखवायला नको.

तरी मी गुडघ्यांवर बसले आणि कण वेचायला लागले. जरा वेळाने शेजारी बाबांचा हात दिसला. तेही वेचत होते.

मग त्यांनी मूठ माझ्यासमोर उघडली. “अन्न आहे, फेकायचं नाही. आज त्यांचा घास तू खा.”

शेवाळ, माती, थोडी जवसाची चटणी... मी तिथेच सगळा खाल्ला.