सुजाताची पहिली नजर

रायपूरच्या गोल बाजारातल्या मॅचिंगच्या दुकानात सुजाता बावीस वर्षं ब्लाउजपीस काढत होती. गिऱ्हाइकानं पिशवीतून साडी पुरती बाहेर काढायच्या आधीच तिचा हात मागच्या फळीकडे गेलेला असायचा. फळीवर रुबिया कापडाचे सहाशे तागे, त्यात नुसते हिरवेच नव्वद. सुजाता मात्र गप्पा मारता मारता नेमका हवा तोच ओढायची. कसं जमतं म्हणून विचारलं तर म्हणायची, "मले काय ठाऊक? हात जाते आपोआप." मालक शंकरभैयांनी एकदा हौसेनं सगळ्या रंगांना नंबर दिले आणि तक्ता करून भिंतीवर लावला. चार दिवस सुजाता तक्ता बघून कापड काढू लागली आणि चारही दिवस चुकत राहिली. पाचव्या दिवशी भैयांनी मुकाट्यानं तक्ता उतरवला.

दुपारी दुकान सुनं झालं की ती ताग्यांना पाठ टेकून बसायची. डोळे अर्धे मिटले की रंग फळीवरून उतरून तिच्याभोवती हळूहळू फिरू लागायचे. लाखोळी डाळीच्या फुलाचा निळा यायचा, मग अंगणात वाळत घातलेल्या मोहाचा तपकिरी, मग भाजल्या चण्याचा. एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला हे तिला कळायचं नाही आणि कळावंसं वाटायचंही नाही. बाकी आयुष्यानं तिचे फार लाड केले नव्हते. लेक गंधाली चार वर्षांची असताना नवरा, उदय, "आलोच" म्हणून गेला आणि नागपुरात दुसरा संसार थाटून बसला. तेव्हापासून या रंगांवरच तिचा जीव होता.

गंधाली आता नव्या रायपुरात एका दफ्तरात नोकरी करत होती. एका रविवारी ती दफ्तरातल्याच यशदीपला, याच्याशी लग्न करायचं म्हणून, आईला दाखवायला गुढियारीतल्या घरी घेऊन आली. पोरगा चहा प्याला, हसून बोलला, वाकून नमस्कार करून गेला. त्याची पाठ वळते न वळते तोच सुजातानं सांगून टाकलं की हा नको. काहून, ते तिला सांगता येईना. मन नाही म्हणते, एवढंच. सहाशे ताग्यांत न चुकणारी बाई माणसात कशी चुकेल, असा तिचा तोरा होता, आणि खरं सांगायचं तर साऱ्या मोहल्ल्यानंच तो चढवून ठेवला होता. गंधालीनं वाद घातला नाही. आईनं 'हव' म्हटल्याशिवाय लग्न करणार नाही आणि केलं तर यशदीपशीच, एवढं सांगून ती कपबशा विसळायला गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना ती आईला म्हणाली, "मम्मी, तुझा हात बरोबरच जाते. पण दारातल्या उजेडात नेल्याशिवाय तू कपडा कापते का कधी?"

दुकानाचा तो रिवाजच होता. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, म्हणून काढलेला तागा दारात न्यायचा, साडीवर ठेवून उन्हात बघायचा आणि मगच कात्री लावायची. दिवसातून दोन-तीनदा तर सुजाता स्वतःच मान हलवत दारातून माघारी यायची आणि दुसरा काढायची. नजर तयार झाली होती ती अशाच हेलपाट्यांनी.

त्या दुपारी तिनं डोळे मिटले, पण रंगांना फिरू दिलं नाही. यशदीपला समोर आणलं आणि डाळ निवडावी तसा निवडायला घेतला. चपला स्वच्छ. बोलणं अर्धं हिंदीत, पण ते तर गंधालीचंही तसंच. हसणं मोकळं. तिला या असल्या विचारांची सवय नव्हती, डोकं जड झालं, तरी ती चिकटून राहिली. शेवटी खुर्ची आली. पोरगा आत दिवाणावर बसलाच नव्हता. दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची ओढून तिरका बसला होता, एक पाय उंबऱ्याकडे. ती बघत राहिली आणि बघता बघता खुर्चीवर यशदीप राहिला नाही. तिथं उदय बसला होता, तसाच तिरका, चहा फुंकत, बाहेर बघत.

सुजाताला रडू आलं. तिनं ते आवरलंही नाही, पदरानं तोंड झाकून ताग्यांकडे वळली. कापडाचे लाख रंग तिनं पाहिले होते, लाख वेळा दारातून माघारी आली होती. पुरुष मात्र एकच पाहिला होता, आणि तोही पहिल्या नजरेत पसंत केलेला. आपल्या नजरेचा तिला पहिल्यांदाच राग आला.

पुढच्या रविवारी तिनं यशदीपला पुन्हा बोलावलं. तो आला आणि पुन्हा दाराजवळच बसला. या वेळी मात्र तिनं सरळ विचारलं, "दाराशी काहून बसते रे तू?"

तो ओशाळला. "काकू, दिवाणावर तुमच्या साड्या आहेत ना. चुरगळल्या असत्या."

तिनं वळून पाहिलं. दर रविवारसारख्याच फॉल लावायला आणलेल्या आठ-दहा साड्या दिवाणभर पसरल्या होत्या. तिनं त्या गोळा केल्या, त्याला तिथं बसवलं आणि स्वयंपाकघरात गेली. गंधाली कढईकडे बघत उभी होती, कान सगळे बाहेर.

"मन अजून नाहीच म्हणून राहिलं माझं," सुजाता हळूच म्हणाली. "पण ते तुझ्या बाबाले नाही म्हणून राहिलं. या पोराचा त्यात काही दोष नाही. तू कर लग्न."