आमचा बाक

निजामाच्या अमलात कळंब तालुक्यातील आमच्या गावी उर्दू लिहिणारा मी एकटाच होतो. हे गावाचे दुर्दैव की माझे, याचा निकाल अद्याप लागलेला नाही. गायरानातला आंबा वाऱ्याने पडला तेव्हा त्याच्या लाकडाचा चावडीसाठी बाक करावा, असे पंचांनी ठरवले आणि तहसिलीत करावयाचा अर्ज माझ्याकडे आला. उर्दूत ‘आम’ हा शब्द अलिफने लिहिला तर आंबा होतो, ऐनने लिहिला तर सर्वसामान्य जनता. मी ऐनने लिहिला. पुढे लोकांनी ती माझी दूरदृष्टी ठरवली. ती निव्वळ चूक होती, हे मी येथे लेखी कबूल करतो. आयुष्यभर न्यायासाठी शुद्ध भाषेत पत्रे लिहिली. फळले ते हे एकच अशुद्ध.

हुकूम आला: बाक सर्व जनतेसाठी करावा, त्यावर बसण्यास कोणासही मनाई नसावी. पंचांनी मोहोर पाहिली, मजकूर ऐकण्याचे कष्ट घेतले नाहीत.

चावडीत महारवाड्यातला म्हातारा येसकर हजर असे. गावाची राखण आणि निरोप पोचवणे ही त्याची कामे. त्याचा उजवा गुडघा वाकत नसल्यामुळे त्याला जमिनीवर बसता येत नसे, आणि जमिनीखेरीज अन्यत्र बसण्याचा त्याला अधिकार नव्हता. या दोन कलमांच्या कात्रीत तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत भिंतीला टेकून उभा राही. “उभ्यानं मरन येऊ नये, एवढंच मागनं हाय,” असे तो मला एकदा म्हणाला होता.

सुताराने बाक केला तो नेहमीपेक्षा वीतभर उंच. पाठीच्या फळीवर त्याने गावातल्या साऱ्यांची हत्यारे सारख्याच आकारात कोरली होती: नांगर, तागडी, वस्तरा, आरी, कुलकर्ण्यांची लेखणी, आणि मधोमध येसकराची घुंगुरकाठी. कुलकर्णी लेखणीवर इतके प्रसन्न होते की शेजारी चांभाराची आरी आहे, हे त्यांना दिसलेच नाही. पाटील चढून बसले, तर त्यांचे पाय अधांतरी लोंबकळले.

“एवढा उंच कशापायी केलास रं?”

“मालक, तुमचा मान का कमी हाय?”

पाटील फुलले. मग सुतार भिंतीकडे वळला. “बाबा, बसा. तुमच्या गुडघ्याच्या मापानंच केलाय. पाय खुशाल सरळ सोडा.”

“लई शाना झालास!” पाटील कडाडले. “बाक आमचा हाय, आमचा!”

“व्हय, आमचाच,” मी म्हणालो. “सरकारनं ऐनानं लिहिलंय.” आणि मी हुकूम मोठ्याने वाचला.

“मग दुसरा अर्ज लिव्ह. चुकी झाली म्हन.”

मी तेथेच लिहिला: ‘सर्वांसाठी मंजूर झालेल्या बाकावर सर्वांना बसू देऊ नये, अशी आमची नम्र विनंती.’ वाचून दाखवला आणि दौत पुढे केली. पाटलांनी ती कुलकर्ण्यांकडे सरकवली. कुलकर्ण्यांच्या बोटांत नेमका तेव्हाच गोळा आला. तिसऱ्या पंचांना एकाएकी बैलाला पाणी पाजल्याचे आठवेना. तहसिलीच्या हुकमाविरुद्ध सही करण्याइतका धर्म कोणाच्याच अंगात नव्हता.

येसकर काठी सावरत बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला, पाय सरळ पुढे सोडला आणि त्याने डोळे मिटून घेतले. पाटील चटका बसल्यासारखे खाली उतरले. शिवाशिव त्यांनी कसोशीने पाळली. परिणामी त्या दिवसापासून चावडीत येसकर बाकावर आणि पंच जमिनीवर, असा क्रम लागला. बाक फोडावा, तर सरकारी मोहोर आडवी येई.

“येसकरा, वाशीला सांगावा न्यायचा हाय,” पाटील मान वर करून सांगत.

“जी मालक. पर उठाया येळ लागतोय, जरा दम धरा.”

आणि खाली बसलेले पाटील दम धरत.