जत्रेला उंबरा नसतो

कासारमावशीला माणसांची तोंडं लक्षात राहत नसत, हात राहत. राजूरच्या जत्रेत एखादी बाई तिच्या पालात शिरून "वळखलं का मावशी?" म्हणाली, की मावशी तिच्या तोंडाकडे बघायचीच नाही. मनगट हातात घ्यायची, अंगठ्याचं हाड दाबून बघायची आणि म्हणायची, "मागल्या अंगारकीला हिरव्या भरल्या व्हत्या ना गं तू? औंदा कापूस लई येचला वाटतं." बाई थक्क. पहिल्या भेटीत मावशीने माझाही हात असाच दाबून पाहिला आणि जाहीर केलं, "ह्या हातानं आजवर काईच केलं न्हाई." पालातल्या सात बाया हसल्या. निदान अचूक होतं.

मी तेव्हा भोकरदनच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचो. मालकांच्या डोक्यात आलं, आपल्या जालना जिल्ह्यात पाहण्यासारखं काय काय आहे, जत्रा कुठे कधी भरतात, याची एक पुस्तिका काढावी. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण लग्नपत्रिकेत मी 'आग्रहाचे' शब्द चांगले वापरतो असा माझा लौकिक होता. मी चहाच्या हॉटेलात बसून तीन दिवसांत सगळा जिल्हा लिहून काढला. पाहिलं एकही ठिकाण नव्हतं. मालक म्हणाले, निदान राजूर तरी बघून ये, जवळ आहे. म्हणून मी अंगारकीला राजूरला गेलो आणि सावली पाहून मावशीच्या पालात घुसलो. घुसलो ते थेट तिच्या पेटीवर बसलो. पेटीत काचेच्या बांगड्या होत्या.

"अरारारा, फुटल्या!" मी ओरडलो.

"फुटल्या म्हणू न्हाई," मावशी शांतपणे म्हणाली. "वाढवल्या म्हणावं. चार डझन वाढवल्यास तू. आता बस तितंच, पुन्यांदा उठून आणखीन वाढवू नको."

प्रायश्चित्त म्हणून मी तिला माझं लिखाण मोठ्याने वाचून दाखवलं. जांब समर्थच्या टेकडीवरून दिसणारा सूर्योदय मी फार रंगवला होता. मावशीच्या हातातली बांगडी अर्ध्या वाटेत थांबली. "जांबला टेकडी? कव्हा झाली? मी गेल्या रामनवमीला गेल्ते तव्हा तर सपाट व्हतं." ज्या बाईच्या हातात बांगड्या भरणं चालू होतं, तीही जांबकडचीच निघाली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी टेकडी त्याच क्षणी खोडली.

पुढचं वर्षभर मी मावशीच्या मागे हिंडलो, आणि जी पुस्तिका छापून झाली ती खरं तर तिची होती. ती हसनाबादची. जिल्ह्यातली प्रत्येक जत्रा तिला पाठ. कुठे पाणी गोड, कुठे सावली दुपारनंतर येते, कुठल्या देवळाची फरशी चैत्रात पाय भाजते, सगळं. तिचं बघणंही तिच्या धंद्यातूनच आलेलं. "अन्व्याला जुनं देऊळ हाय, तिथं दगडाच्या बाया हायेत. त्यांच्या हातातलं सगळं बघ बारकाईनं. ज्यानं भरल्या तो कासार आपल्यापेक्षा हुशार." अंबडबद्दल म्हणाली, "मत्स्योदरीची टेकडी माशावाणी हाय म्हणत्यात. मला कव्हा मासा दिसला न्हाई. पण नवरात्रात सकाळी पहिली पायरी चढताना गार वारा लागतो, त्यो लिही. तेवढ्यासाठी माणूस येईन." आणि जालन्याबद्दल बजावलं, "धुळवडीला रंग उधळत हत्ती रिसाला निघतो, त्यो बघायला जाशील तर जुनाच सदरा घाल." मी फोटो काढायचे म्हणून नवा पांढरा घालून गेलो. परत आलो तेव्हा आईने मला आवाजावरून ओळखलं.

एवढी पायपीट ती का करते, हे मला उमगत नव्हतं. गुडघे दुखायचे. हसनाबादेत नवऱ्याचं, म्हणजे कासारमामाचं, घरातच दुकान होतं. एकदा मी शहाणपणा केला. "मावशी, भोकरदनला बाजारात एखादा गाळा घ्या की. बसून धंदा होईल."

"गाळ्याला उंबरा असतो रे," ती म्हणाली.

मला वाक्य आवडलं. मी ते वहीत टिपून घेतलं. माझ्यासारखी माणसं आधी टिपून घेतात आणि अर्थ नंतर विचारतात. अर्थ तिने आपणहून सांगितला.

तिला एकच मुलगी, शोभा. तिने जातीबाहेर, आपल्या मनाने लग्न केलं. मामाने दारात उभं राहून मावशीला सांगितलं, ही माझा उंबरा चढणार नाही, आणि तू तिचा चढायचा नाहीस. वर गळ्याची आण घातली. मुलगी गेली ती गेली. कुठे राहते, पत्ता नाही. घरातला फोन मामाच्या खिशात. "आण म्या मोडली न्हाई," मावशी म्हणाली. "बिलकुल न्हाई. पण जत्रेला कुठं उंबरा असतो? कुणीबी यावं, कुणीबी कुणाला भेटावं. बायका जत्रेला येत्यातच. ती बी येईन कव्हातरी." आठ वर्षं ती अशी जिल्हाभर पाल टाकत होती.

मग मला काही गोष्टी दिसायला लागल्या. बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला वाकून नमस्कार करते, ही आपल्याकडची रीत. तरण्या सुना वाकल्या की मावशीचा हात त्यांच्या डोक्यावर जरा जास्तच वेळ राहायचा. आणि ती कासारांच्या रांगेत कधीच बसायची नाही. सगळ्यांची पालं एकीकडे, हिचं एकटीचं दुसरीकडे. "रांगेत सगळे भाऊबंद. ते बसलेले पाह्यले तर शोभा फिरकन का तिकडं? शरमेनं तोंड फिरवून जाईन माघारी."

पुस्तिका छपाईला जायच्या आठवड्यात तिने पहिल्यांदाच काही मागितलं. "माझी एक ओळ टाक लेकरा. लिही, हसनाबादची कासारीण अंबडला नवरात्रात पायऱ्यांच्या डाव्या अंगाला, निंबाखाली एकटीच बसती; रांगेत बसत न्हाई. बस, एवढंच. शोभा शिकलेली हाय. तिच्या हातात पडलं, तर कुणाला इचारायचं काम पडू न्हाई तिला."

"टाकतो मावशी," मी म्हणालो.

टाकली नाही. का, ते सांगताना आजही कानशिलं तापतात. अंबडच्या पानावर जागा कमी पडत होती. एकीकडे मावशीची ती ओळ, दुसरीकडे मी स्वतः रचलेल्या चार ओळी: 'मावळतीच्या सोनेरी किरणांत न्हाऊन निघालेली ती मत्स्याकृती टेकडी' वगैरे. मला वाटलं, एका कासारणीचा ठिकाणा म्हणजे जाहिरात झाली. साहित्यात जाहिरात बरी दिसत नाही. मी साहित्य ठेवलं.

पहिली प्रत घेऊन मी हसनाबादला गेलो. मावशीने पुस्तक कपाळाला लावलं, मग म्हणाली, "वाच माझी ओळ." तिला अक्षर येत नव्हतं. मी अंबडचं पान काढलं, सोनेरी किरणांवर बोट ठेवलं आणि तिची ओळ तोंडपाठ म्हणून दाखवली.

"बराबर! म्या सांगितली तश्शीच!" म्हणत तिने त्या पानाचा कोपरा दुमडला.

खोटं बोलल्यावर निदान त्या माणसासमोर पुन्हा जाऊ नये. मी पुढच्या चतुर्थीला राजूरला गेलो, पालात चहा पीत बसलो. मावशीने बांगड्या भरायला आलेल्या एका कॉलेजातल्या मुलीपुढे पुस्तिका धरली. "ह्यात माझी ओळ हाय. वाच बरं पोरी, मोठ्यानं. ह्या बायांना आयकू दे." मी कप खाली ठेवला. मुलीने दुमडलेलं पान उघडलं आणि छान शुद्ध उच्चारात सोनेरी किरणं वाचली. चारही ओळी.

"पुढं?" मावशी म्हणाली.

"पुढं जांब समर्थ आहे मावशी."

मावशीने पुस्तिका मिटली. त्या मुलीच्या उरलेल्या बांगड्या भरल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिला पाठवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "किती ओळी व्हत्या रे त्या मावळतीच्या?"

"चार."

"माझी एकच व्हती."

ती रागावली असती तर मी सुटलो असतो. वर तिनेच तोड काढली. "पत्रिकेत एखाद्या पाहुण्याचं नाव राह्यलं म्हणजे तुमी चिठ्ठी छापून चिकटवता ना वरून? तशी चिकटव." छापखान्यात मी काम करायचो आणि हे सुचलं तिला! मी दुसऱ्याच दिवशी चिठ्ठ्या छापल्या. कातरून गठ्ठा केला. खळ करून बसलो. दहा-बारा प्रतींना लावल्या असतील. चिठ्ठी जरा वाकडी बसायची, पान सुरकुतायचं, माझ्या सुंदर पानाची रया जायची. तेवढ्यात लग्नसराई आली. उरलेल्या चिठ्ठ्या खणात गेल्या आणि प्रती तशाच एसटी स्टँडवरच्या दुकानांत. मावशी विचारायची, "चिकटवल्यास ना?" मी म्हणायचो, "चिकटवल्या." अर्धंमुर्धं खरं बोलणाऱ्याला झोप चांगली लागते. मलाही लागायची.

त्यानंतर किती वर्षं गेली! मी छापखाना सोडून दुसऱ्या नोकरीला लागलो, तरी नवरात्रात अंबडला एक चक्कर व्हायची. मावशी निंबाखाली असायची. दरवर्षी थोडी अधिक वाकलेली. मला बघून म्हणायची, "आला का माझा मावळतीवाला?" आणि शेजारच्या बायांना सांगायची, "हा लेखक हाय. ह्याला पेटीवर बसू देऊ नका."

दोन वर्षांमागे कासारमामा गेला. आण सुटली, पण जायचं कुठे हे माहीत नव्हतं. मावशी तशीच जत्रा करत राहिली. गेल्या उन्हाळ्यात हसनाबादेत दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेली. मला कळलं तेव्हा दहावा उरकला होता.

दिवाळीनंतर एका सकाळी छापखान्याच्या मालकांचा फोन आला. एक बाई तुझं नाव विचारत आली आहे, पुस्तिकेवरचा पत्ता बघून. मी गेलो. चाळिशीची बाई, हातात पिशवी, पिशवीत ती पुस्तिका. पुस्तिकेला चिठ्ठी नव्हती.

"हे तुमीच लिहिलं ना दादा?"

"हो."

"मी परतूरला राहते. स्टँडवर घेतलं होतं, लई वर्षं झाली. हे तर माझ्या आईचं बोलणं आहे. ती पहिल्या पायरीचा गार वारा, ते दगडाच्या बायांचे हात. आई बोलतीय असंच वाटलं. पन्नासदा वाचलं असेल. पण ती कुठं भेटते, ते कुठंच न्हाई. आता बाबा गेले असं कळलं, पण गावात सगळे भाऊबंद, घरी कसं जावं. म्हटलं तुमाला तरी ठाऊक असंन, आई कुठल्या जत्रेत कुठं बसते."

परतूर ते अंबड, एसटीने दीड-दोन तास.

मला उभ्या जन्मात इतकं साधं वाक्य इतकं जड गेलं नाही. मी सांगितलं. आधी आई गेल्याचं सांगितलं, मग ओळीचं, मग चिठ्ठ्यांचं. काहीच राखून ठेवलं नाही. ती छापखान्याच्या बाकावर बसली. मालकांनी पाणी आणून दिलं, ते तिने घेतलं. माझ्यावर ओरडली नाही. आईवरच गेली होती. पेला खाली ठेवून म्हणाली, "ती जागा दाखवता?"

आम्ही अंबडला गेलो. जत्रा नव्हती. पायऱ्यांखाली नारळाचं एक दुकान उघडं, एक कुत्रं आडवं पडलेलं, बाकी मोकळी जमीन. मी डाव्या अंगाचा निंब दाखवला. त्याच्या बुंध्याशी पालाच्या दोरीने घासून पडलेला वळ अजून होता. शोभाताईंनी त्यावरून हात फिरवला. मग वळून त्या नारळाच्या दुकानाकडे एकटक बघत राहिल्या.

"पुस्तक वाचलं त्याच नवरात्रात मी आल्ते इथं," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला सांगून आल्ते. त्या दुकानापर्यंत आले. पलीकडं आमच्या कासारांची रांग दिसली. चुलते बसले व्हते. मंग पुढं यायचं धाडस न्हाई झालं. ह्या अंगाला बघितलंच न्हाई, तितूनच वळले."

"मग पुन्हा?"

"पुन्हा दोनदा. दोन्ही बारीला तितूनच."

त्या पायऱ्या चढून देवीला गेल्या. मी खाली थांबलो. एकटा होतो, आणि एकटा असलो की मला नाही ते सुचतं. मी नारळाच्या दुकानाशी जाऊन उभा राहिलो आणि तिथून निंबापर्यंत चालत आलो. मोजत आलो.

एकोणीस पावलं.