कोल्हापूरचे पेपर

पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, आक्का केमिस्ट्रीत नापास झाली, तेव्हा आप्पांनी एकदाच सांगितलं. "पुन्यांदा बस. पास झालीस तर नर्सिंगला जा. न्हाईतर निपाणीचं स्थळ हाय." निपाणीचा मुलगा मी पाहिला होता. त्याच्याबद्दल वाईट बोलण्यासारखं काही नव्हतं आणि चांगलंही काही आठवत नाही. आक्काला मात्र नर्सच व्हायचं होतं. मी तेव्हा नववीत, आणि तिच्यासाठी देव पाण्यात घालून बसलेली.

मागच्या वर्षांचे पेपर सोडव, असं जो तो सांगत होता. ते आणायचे कुठून, हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच पडला नाही. आम्ही सीमाभागातल्या शहापूरचे, घरात दोन माग, साड्या आम्हीच विणणार, पण लग्नाचा बस्ता कोल्हापूरचा. कॅलेंडर कोल्हापूरचं, अवघड दुखण्याला डॉक्टरही तिथलाच. मामा तिथे राहायचा. त्याने मोबाईलवर बारावीचे जुने पेपर धाडले आणि मी झेरॉक्स काढून आणल्या.

आक्का मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि मी शेजारी बसून प्रश्न विचारायची. माग चालू असताना हळू बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमची केमिस्ट्री सगळी ओरडून. "अल्फा हायड्रोजनच न्हाय, मग अल्डॉल हुईल कुठनं?" असं ती भांडायला उठल्यासारखं म्हणायची. शेजारच्या काकू एकदा तुमच्यात काय वाजलंय म्हणून बघायला आल्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी उत्तर अडलं की मी मास्तरणीसारखे डोळे वटारायची. इतक्या मजेचा अभ्यास पुढे माझ्या वाट्याला कधी आला नाही.

पेपरांत नॅनोकेमिस्ट्रीवर प्रश्न होते आणि आक्काच्या पुस्तकात तो धडाच नव्हता. आम्ही पुस्तकाला नावं ठेवली, मामाच्या मुलीकडून धडा मागवला, आणि आक्काने तो पाठ केला. एक शंका राहिली म्हणून ती पेपर घेऊन कॉलेजात सरांकडे गेली. सरांनी वरची ओळ वाचली.

"हे महाराष्ट्र बोर्डाचे आहेत गं. तू परीक्षा कर्नाटकची देणार ना?"

परीक्षा पंधरवड्यावर आली होती. आक्काने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आप्पांनी माग थांबवला. उभा जन्म सीमाप्रश्नाच्या मोर्च्यांना गेलेला माणूस. मग म्हणाले, "बघ, हद्द कशी आडवी येत्या." कुणी हसलं नाही. आक्का न जेवता झोपली, आणि मला मामाचा इतका राग आला की त्याचा फोन मी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी ती सरांनी दिलेले पीयूसीचे पेपर घेऊन आली. आप्पा म्हणाले, "कांड्या मी भरतो, तू आत बसून वाच." ती आत गेली आणि थोड्या वेळाने परत आली. "आप्पा, मागाच्या आवाजाबिगर मला कायच आठवंना झालंय." आप्पांनी जागा दिली. मी प्रश्न ओरडायला लागले. केमिस्ट्री बरीचशी तीच होती, विचारायची रीत तेवढी वेगळी.

आक्का पास झाली. गल्लीत पेढे मीच वाटले, हक्काने, माझाच निकाल लागल्यासारखे. मग बेंगळुरूच्या नर्सिंग कॉलेजचं पत्र आलं आणि आम्ही तिला बसवायला स्टँडवर गेलो. ती खिडकीत बसून हसत होती. बस हलली तेव्हा माझ्या मनात आलं, निपाणीला दिली असती तर सणासुदीला तरी आली असती. असं मनात आलं म्हणून मी स्वतःवरच चिडले, आणि घरी पोचेपर्यंत तेच वाटत राहिलं.